चार महिन्यांनी लागणारा पैसा कोठे ठेवावा?

(वसई तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर आमच्या विद्यापीठाची माणसे तुमच्यासमोर आली ती केळीची लागवड, पानवेलीची खते, मोगऱ्याची छाटणी असे विषय घेऊन. मला संयोजकांनी वेगळाच विषय दिला. पीक विकून आलेला पैसा, जो वर्षभर ठेवायचा नाही, दोन-चार-सहा महिन्यांत एखाद्या मोठ्या खरेदीसाठी लागणार आहे, तो मधल्या काळात कोठे ठेवावा? प्रश्न साधा वाटतो. परंतु गेल्या तीस वर्षांत मी जी बुडालेली कुटुंबे पाहिली, त्यांतली कित्येक किडीने किंवा पावसाने बुडालेली नव्हती, ती या मधल्या काळात बुडालेली होती.

वसईच्या शेतकऱ्याचा पैसा कसा येतो ते तुम्हांला सांगावयास नको. विदर्भातल्या कापूसवाल्याला वर्षातून एकदा एकरकमी पैसे मिळतात. तुमच्याकडे पहाटेच्या लोकलने लगेजच्या डब्यातून फुले, पालेभाजी दादर-बोरिवलीला जाते आणि दुपारपर्यंत हातात नोटा येतात. म्हणजे पैसा थेंबाथेंबाने साचतो. आणि जो थेंबाथेंबाने साचतो, त्याचा हिशेब कोणी एका जागी बसून करीत नाही. काही फडताळात, काही पिग्मीवाल्याकडे, काही भिशीत, काही सोनाराकडे. खरेदीचा दिवस आला म्हणजे सगळीकडून गोळा करण्याची धावपळ होते.

खरेदी मात्र एकरकमीच असते. बाजाराला माल नेण्यासाठी पिकअप गाडी, पॉवर टिलर, शेडनेट, नवी बोअरवेल. त्यातही महाडीबीटीवरून यंत्रासाठी अर्ज केला असेल तर आधी पूर्वसंमती येते, मग ठरावीक मुदतीत स्वतःच्या पैशाने खरेदी करावयाची, पावत्या व कागद भरावयाचे आणि तपासणीनंतर अनुदान खात्यात जमा होणार. म्हणजे पूर्वसंमतीचे पत्र आले त्या वेळी पैसा हाताशी नसला, तर पत्र हातात राहते आणि अनुदान जाते. या पैशाला तारीख आहे, ही गोष्ट मनात पक्की धरावी.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील दक्षिण कोकणातले भातशेतकरी. त्यांनी बैलजोडी विकून आणि दोन वर्षांची काजूची पट्टी राखून पॉवर टिलरसाठी पैसे जमविले होते. टिलर पाऊस सुरू होण्याआधी घ्यावयाचा, म्हणून तीन-चार महिन्यांपुरते पैसे त्यांनी आमच्याकडच्या एका पतसंस्थेत ठेवले. बँकेपेक्षा व्याज बरेच जास्त होते आणि संस्थेचे अध्यक्ष घरी चहाला येणारे होते. मे महिन्यात वडील पैसे काढावयास गेले तेव्हा दाराला कुलूप नव्हते, माणसेही होती, फक्त पैसे नव्हते. 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगण्यात आले. तो पुढचा आठवडा पाच वर्षे चालला. मुद्दल अखेर चार हप्त्यांत मिळाले, व्याज नाही. दरम्यान बैल विकलेले, टिलर नाही, अशा स्थितीत आम्ही दोन पावसाळे शेजाऱ्याचे जोत उसने घेऊन नांगरणी केली. सगळेच पैसे बुडाले असे म्हणता येणार नाही. पण ज्या कामासाठी साठविले त्या कामाच्या दिवशी ते नव्हते.

आता त्या जास्तीच्या व्याजाचा हिशेब करून पाहू, कारण मोह तेथेच होतो. समजा तुमच्याकडे ३ लाख रुपये आहेत आणि ते ४ महिने ठेवायचे आहेत. बचत खात्यावर अडीच टक्के धरले तर २,५०० रुपये मिळतील. बँकेच्या मुदत ठेवीवर ५ टक्के धरले तर ५,००० रुपये. एखाद्या पतसंस्थेने १० टक्के देऊ केले तर १०,००० रुपये. म्हणजे बँक सोडून पतसंस्थेत जाण्याबद्दलची एकूण कमाई ५,००० रुपये. पिकअपची टाकी एकदा भरली की ती संपली. वर्षाचे शेकडा व्याज ऐकताना दुप्पट वाटते, परंतु चार महिन्यांत ते एक तृतीयांशच पदरात पडते. आणि त्या ५,००० रुपयांसाठी धोक्यात काय घातले? पूर्ण ३ लाख. दहा वर्षांसाठी पैसे ठेवणाऱ्याने व्याजाचा विचार जरूर करावा. चार महिन्यांसाठी ठेवणाऱ्याने व्याजाकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'पण साहेब, बँकासुद्धा बंद पडतात,' असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे प्रकरण मुंबईपासून आपल्या पट्ट्यापर्यंत सर्वांच्या लक्षात आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. घटस्थापनेला सहा दिवस होते आणि दसरा ८ ऑक्टोबरला. ऐन फुलांचा हंगाम, दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेण्याचे दिवस, आणि खातेदाराला प्रथम सांगण्यात आले की फक्त १,००० रुपये काढता येतील. तीन दिवसांनी मर्यादा १०,००० झाली, ऑक्टोबरमध्ये २५,००० आणि मग ४०,०००, नोव्हेंबरमध्ये ५०,०००, आणि जून २०२० मध्ये १ लाख. बँकेच्या कर्जांपैकी फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगाला, एचडीआयएलला, दिलेला होता आणि तो हिशेबात लपविलेला होता. याच उद्योगाच्या इमारती आपल्या वसई-विरारमध्येही उभ्या आहेत. रोज त्या इमारतींखालून जाणाऱ्या माणसाला, आपल्या ठेवीचे पैसे कोठे गुंतले आहेत हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. शेवटी २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून आधी, त्यावरील रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत, अशी योजना ठरली.

या विम्याबद्दल पुरेशी माहिती फार थोड्यांना असते, म्हणून जरा थांबून सांगतो. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर आपल्या देशात ठेव विमा आला. १ जानेवारी १९६२ पासून तो लागू झाला, तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे. ते वाढत वाढत १ मे १९९३ पासून १ लाख झाले आणि तेथे जवळजवळ सत्तावीस वर्षे थांबले. पीएमसीनंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ते ५ लाख करण्यात आले. याचा हप्ता बँक भरते, तुम्हांला काही द्यावे लागत नाही. पण हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत आणि एका बँकेतील एका माणसाच्या सर्व खात्यांचे मिळून आहेत. पापडीच्या शाखेत ४ लाख, विरारच्या शाखेत ४ लाख आणि दोन्ही शाखा एकाच बँकेच्या असतील तर ८ लाख नव्हे, ५ लाखच सुरक्षित. नवरा-बायकोचे संयुक्त खाते मात्र दोघांच्या एकेकट्याच्या खात्यांपासून वेगळे मोजले जाते. म्हणून एका बँकेत एका नावावर पावणेपाच लाखांच्या वर जाऊ नये, म्हणजे व्याजालाही जागा राहते.

सहकारी नागरी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, राष्ट्रीयीकृत व खाजगी बँका, सर्वांना हा विमा सारखाच आहे. वसईत सहकारी बँकिंगची परंपरा जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. तेव्हा सहकारी म्हणजे वाईट असे मी म्हणत नाही. मला फरक दाखवायचा आहे तो बँक आणि पतसंस्था यांतला. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि आपली गावची विविध कार्यकारी सोसायटी यांच्यातील ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेने पाटीवर 'बँक' शब्द लावणेही कायद्याला धरून नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा संस्थांबद्दल लोकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. पिग्मीवाला दारात येतो, रोज शंभर-दोनशे नेतो, सोयीचे आहे. त्याला एवढेच विचारावे की, बाबा, तू बँकेचा की पतसंस्थेचा? पतसंस्थेचा असेल तर महिन्याच्या शेवटी रक्कम काढून बँकेत टाकावी, वर्षभर साचू देऊ नये. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत, हे मला मान्य आहे. वडिलांची संस्थाही सर्वांना चांगलीच वाटत होती.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विमा रक्कम परत मिळण्याची हमी देतो, तारखेची नाही. पूर्वी विम्याचे पैसे मिळावयास वर्षे लागत. २०२१ साली कायदा बदलला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून अशी तरतूद झाली की, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ठेवीदाराला विम्याची रक्कम मिळावी. ही सुधारणा फार मोठी आहे. तरी ९० दिवस म्हणजे तीन महिने. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले, २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली, आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. पीएमसीच्या मानाने हे लवकर निभावले. पण ज्याला मार्चमध्ये गाडीचे पैसे भरावयाचे होते त्याचे काय? त्याच्या पासबुकात आकडा होता, विमाही होता आणि गाडी दुसरा घेऊन गेला.

यावर उपाय एकच: पैसा दोन ठिकाणी ठेवावा. ३ लाख असले आणि ते विम्याच्या मर्यादेत बसत असले तरीसुद्धा. दोन वेगळ्या बँका, त्यांतली एक मोठी राष्ट्रीय बँक असावी. एक अडली तरी अर्धी रक्कम हातात राहते आणि अर्ध्या रकमेवर गाडीचे मार्जिन भरून उरलेल्यासाठी कर्ज घेता येते. सगळेच अडकले तर कर्ज देणाराही दारात उभा करीत नाही.

दुसरे ठिकाण म्हणून पोस्टाचा विचार अवश्य करावा. पोस्टाचे बचत खाते १८८२ पासून चालू आहे आणि त्यामागे थेट भारत सरकार आहे, म्हणून तेथे ५ लाखांची मर्यादा पाहण्याचे कारण नाही. व्याजही बहुतेक मोठ्या बँकांच्या बचत खात्यापेक्षा जास्त असते. २०२२ पासून तेथून दुसऱ्या बँकेत एनईएफटी, आरटीजीएसने पैसे पाठविता येतात. पण पोस्टातली सगळीच खाती या कामाची नाहीत. मुदत ठेव पहिल्या सहा महिन्यांत मोडता येत नाही, किसान विकास पत्र अडीच वर्षे अडकते, राष्ट्रीय बचत पत्र पाच वर्षे. नावात 'किसान' आहे म्हणून चार महिन्यांचे पैसे त्यात टाकलेले एक गृहस्थ मला भेटले होते. एजंटाने त्यांना फसविले असे नाही, त्यांनीच विचारले नव्हते.

बँकेतल्या मुदत ठेवीबद्दल थोडे. १ कोटीपर्यंतची ठेव मुदतीआधी मोडण्याची सोय व्यक्तीला दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोडल्यास व्याज थोडे कमी मिळते, मुद्दल पूर्ण मिळते. तेव्हा ३ लाखांची एक पावती करण्यापेक्षा १-१ लाखाच्या तीन कराव्यात. गाडीचे बुकिंग आधी आले तर एकच मोडावी लागेल. पावती करताना 'मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण' या रकान्यात नकार द्यावा आणि नामनिर्देशन जरूर भरावे. मुदत खरेदीच्या दिवसाला नव्हे, त्याआधी दहा दिवस संपेल अशी ठेवावी. दसऱ्याच्या आसपास शनिवार-रविवार, सुट्ट्या, बंद पडलेला संगणक, काहीही आडवे येऊ शकते.

आपल्यापैकी काहींचा प्रश्न लाखांचा नाही, त्याहून मोठा आहे. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार–अलिबाग मार्ग, बुलेट ट्रेन, यांसाठी या भागातील जमिनी घेतल्या गेल्या, आणि दुसरी जमीन किंवा घर पाहीपर्यंत मोबदल्याची मोठी रक्कम खात्यात पडून राहते. ५-५ लाखांचे तुकडे करीत दहा बँका फिरणे व्यवहार्य नाही. अशा वेळी मोठी सरकारी बँक, पोस्ट आणि तिसरा मार्ग म्हणजे सरकारची ट्रेझरी बिले. ही ९१, १८२ व ३६४ दिवसांची असतात, कमीत कमी १०,००० रुपयांपासून घेता येतात, आणि नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणसालाही थेट मिळतात. पैसे सरकारकडे, परत मिळण्याची तारीख पहिल्या दिवसापासून ठरलेली. संगणकावर खाते काढावे लागते, घरातील शिकलेल्या मुला-मुलीला बसवावे. मोबदला आल्याची बातमी गावात पसरते आणि पंधरा दिवसांत 'दामदुप्पट'वाले नातेवाईक उगवतात. त्यांना सांगावयास हे उत्तर बरे पडते की, पैसे तीन महिने सरकारकडे आहेत, काढता येत नाहीत.

घरात रोख ठेवण्याबद्दल फार बोलत नाही. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्यात घराघरांत पाणी होते, ते तुम्ही पाहिले आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील नोटांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्रही आठवते. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास विक्रेत्याला कायद्याने बंदी आहे. म्हणजे गाडीचे पैसे शेवटी बँकेतूनच जाणार. आठवडाभराच्या घरखर्चापुरते ठेवावे. सोने हा स्त्रीधनासाठी चांगला ठेवा आहे. चार महिन्यांसाठी नाही, कारण घेताना ३ टक्के जीएसटी आणि दागिना असेल तर घडणावळ जाते आणि विकताना ती परत मिळत नाही. भाव चढला तर भरून निघते, उतरला तर दुहेरी नुकसान. म्युच्युअल फंडाचे एजंट 'बँकेसारखेच सुरक्षित' असे सांगून कर्जरोख्यांचे फंड विकतात. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेंपल्टनने अशा सहा योजना एकाएकी बंद केल्या. पैसे पुढे मिळाले, पण टप्प्याटप्प्याने. आपल्याला टप्पे नको आहेत, तारीख हवी आहे.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. खरेदीसाठी पैसे राखत असताना पीक कर्जाच्या फेडीची तारीख मध्ये येते काय, हे आधी पाहावे. ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळते. टिलरसाठी पैसे बाजूला ठेवले आणि सोसायटीची तारीख चुकली, तर ती सवलत जाते. ती बँकेच्या कोणत्याही व्याजापेक्षा मोठी असते. आधी सोसायटी, मग टिलर.

मघाशी एका ताईंनी विचारले की डीलर म्हणतो, पैसे आताच माझ्याकडे भरून ठेवा, भाव वाढणार आहे. ताई, बुकिंगपुरती लहान रक्कम बँकेतून द्यावी आणि छापील पावती घ्यावी. पूर्ण पैसे गाडीचा इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक कागदावर आल्यावर द्यावेत. डीलर भला असला तरी तो बँक नाही, त्याच्याकडील पैशाला विमा नाही. आणि ज्या दिवशी पैसे पाठवाल त्या दिवशी खाते क्रमांक टाकल्यावर समोरच्याचे नाव दाखविण्याची सोय आता एनईएफटी-आरटीजीएसला आहे. नाव वाचावे, मगच बटण दाबावे.

माझा वेळ संपत आला. ज्यांनी सूचनेप्रमाणे ठेवीच्या पावत्या आणि पासबुके बरोबर आणली आहेत, त्यांनी चहानंतर डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. कोणती पावती बँकेची आहे, कोणती पतसंस्थेची, ते आपण एकेक पाहू. त्याआधी पानवेलीच्या मर रोगावर माझ्या सहकाऱ्यांचे भाषण आहे, ते ऐकून मगच उठावे.